दररोज नऊ नमुने

वनस्पतिसंग्रहालयाच्या संचालकांची बहुतेक मते वरिष्ठांच्या बदलीबरोबर बदलत; एक मात्र कधी ढळले नाही. ध्येय असे हवे, की ते उच्चारताच ऐकणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे. ते गाठले जाते की नाही, हा त्यांच्या लेखी पुढचा आणि तुलनेने क्षुद्र प्रश्न होता. दरवर्षी जानेवारीतल्या कामाच्या पहिल्या दिवशी ते साऱ्या कर्मचाऱ्यांना वरच्या सभागृहात जमवत आणि आधीच वाटलेल्या ‘संकल्पपत्र’ नावाच्या गुळगुळीत कागदावरून एकेकाला उभे करून त्याचा वर्षाचा संकल्प मोठ्याने वाचायला लावत. आदल्या वर्षी माळ्याने ‘बागेत एकही वाळकं पान दिसणार नाही’ असा संकल्प सोडला होता. पानगळीने त्याचा मुळीच मान ठेवला नाही. पण टाळ्या वर्षाच्या सुरुवातीलाच वाजवून घेण्याची पद्धत असल्यामुळे पुढे कोणाचे काही अडत नसे.

या वर्षीच्या सभेला मात्र एक शेपूट होते.

“उत्तरेकडची खोली,” संचालक म्हणाले, “डिसेंबरच्या एकतीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता रिकामी होईल. तिथे आपण प्रेरणा-दालन उभारतोय. तोपर्यंत ज्या नमुन्यांची नोंद झालेली असेल, ते नव्या कपाटांत जातील. उरलेले तळघरात.”

तळघराच्या भिंती बाराही महिने ओल्या असत. “मी तिथे एकदा छत्री विसरलो,” म्हातारा शिपाई शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला, “तिलासुद्धा बुरशी आली.” वाळवलेली झाडे कागदावर चिकटवून जपणाऱ्या संस्थेत ‘तळघरात ठेवणे’ याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता. कोणी तो उच्चारलाही नाही, कारण सभा प्रेरणेची होती.

मागच्या रांगेत बसलेल्या नोंदणीकार बाईने आपल्या कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. उत्तरेकडची खोली तिची होती. सव्वीस वर्षे ती तिथे बसत होती, आणि त्या खोलीत एक हजार आठशे बहात्तर नमुने नोंदीविना पडून होते.

ते एका चित्रकलेच्या शिक्षिकेने जमवले होते. या बाईंनी बावीस वर्षे, दर रविवारी आणि प्रत्येक सुट्टीत, शहराबाहेरच्या एकाच टेकडीवर पायपीट केली; तिथे उगवणारे गवतापासून वृक्षापर्यंत सारे काही वर्तमानपत्रात दाबून वाळवले, प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि अकरा वह्यांत मुंगीएवढ्या अक्षरात टिपणे ठेवली. त्या गेल्यावर भाच्याने सारे गाठोडे आणून संग्रहालयाच्या दारात ठेवले. पुढची सात वर्षे संग्रहालयाने त्याला हात लावला नाही. खडी फोडणाऱ्यांनी टेकडीला मात्र लावला. आता तिथे टेकडीच्या मापाचा खड्डा आहे. त्या टेकडीचे जे काही शिल्लक होते, ते उत्तरेकडच्या खोलीत होते.

आणि वह्यांत आणखी एक गोष्ट होती, जी जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. झाड वाळले की तपकिरी होते. कोणत्याही रंगाचे फूल चार महिन्यांत चहाच्या डागासारखे दिसू लागते. चित्रकलेच्या बाईंना हे सहन होत नसावे. त्यांनी प्रत्येक क्रमांकापुढे जिवंत फुलाचा रंग लिहून ठेवला होता, आणि तो ‘लाल’, ‘पिवळा’ असा आळसाने नव्हे. ‘ओल्या विटेचा, कडेला दूध सांडल्यासारखा.’ ‘जुन्या पितळेचा, पण कोणीतरी आत्ताच घासलेल्या.’ नोंदणीकार बाईने पहिली वही उघडली त्या दिवशी ती दुपारचे जेवण विसरली होती.

तिने हा संग्रह पूर्वी एकदा अंगावर घेतला नव्हता असे नाही. दोन वर्षांमागे याच सभागृहात उभे राहून तिने ‘संपूर्ण संग्रह यंदाच’ असे वाचले होते. टाळ्याही घेतल्या होत्या. रोज तीस नमुने हातावेगळे करायचे ठरवले, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काम ठप्प झाले. घाईत चिकटवलेल्या नमुन्यांवर डिंकाच्या पट्ट्या नेमक्या बियांवरून गेल्या होत्या. क्रमांकांची अदलाबदल झाली होती. ते दोनशे नमुने वाफ देऊन पुन्हा सोडवण्यात तिचा उन्हाळा गेला. त्यानंतर तिने वही मिटली. आपल्याने होणार नाही हे तिने इतक्या शांतपणे मान्य केले, की ती लाज आहे हे तिलाही कळायला वर्ष लागले.

सभेच्या आदल्या दिवशी, एक जानेवारीच्या दुपारी, ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कोऱ्या संकल्पपत्राकडे पाहत होती. समोर नवरा शेंगा सोलत होता. तो बसडेपोत वेळापत्रके बसवायचा. तीस वर्षांच्या नोकरीने त्याच्यात माणसांविषयी फारशी आशा उरू दिली नव्हती, पण मिनिटांविषयी मात्र नितांत आदर रुजवला होता.

“किती नमुने आहेत?” त्याने विचारले.

“अठराशे बहात्तर.”

“आणि दिवस?”

“तीनशे पासष्ट.”

“ते कॅलेंडरचे झाले. तुझे सांग.” त्याने पेन्सिल ओढून घेतली. “शनिवार-रविवार एकशे चार. गेले. सरकारी सुट्ट्या अठरा. गेल्या. आजारपण?”

“मी कुठे आजारी पडते?”

“गुडघा कोणाचा आहे मग, शेजारणीचा? पंधरा धरतो. संचालकांची भाषणं?”

“ती पण धरायची?”

“गेल्या वर्षी किती दिवस गेले त्यांच्यात?”

“बारा.”

“मग वीस धर. माणूस त्या वयात सुधारत नाही गं, मुरतो.” त्याने वजाबाकी केली. “दोनशे आठ. आमच्याकडे नवा साहेब आला की पहिल्यांदा प्रत्येक फेरीतली पाच मिनिटं कापतो. कागदावर बस सुसाट पळते. सिग्नल बिचारा रस्त्यावर तिथेच उभा असतो.” त्याने भागाकार केला, आणि बाकी शून्य आलेली पाहून त्याच्या चेहऱ्यावर एखाद्याने वाकून नमस्कार केल्यासारखा भाव आला. “नऊ. रोज नऊ जमतील?”

तिने डोळे मिटले. वर्तमानपत्राची घडी उघडायची, चिठ्ठीवरचा क्रमांक पाहायचा, वहीत तो शोधायचा, ते अक्षर भिंगाखाली वाचायचे, झाडाचे नाव ग्रंथांशी ताडून पक्के करायचे, तारीख, जागा, उंची, रंग चिठ्ठीवर उतरवायचे, जाड पांढऱ्या कागदावर नमुना पट्ट्यांनी बसवायचा, वजनाखाली दाबायचा, नोंदवहीत चढवायचा. एका नमुन्याला चाळीस मिनिटे. नऊ म्हणजे सहा तास.

“नऊ जमतील,” ती म्हणाली. “दहावा नाही. दहाव्याला माझे डोळे थापा मारायला लागतात, अहो. मी करून पाहिलंय.”

“मग दहावा करायचाच नाही. कितीही वाटलं तरी.”

आता सभागृहात तिच्या आधी ज्याचा पुकारा झाला, तो दक्षिणेकडच्या दालनाचा तरुण प्रमुख होता. त्याने मागच्या तीन वर्षांत तीन संस्थांतर्गत विक्रम केले होते, म्हणून सारे त्याला विक्रमवीर म्हणत, आणि त्यालाही ते टोपणनाव आहे हे आता आठवत नसावे. त्याच्याकडे एका दिवंगत भूमापकाने सर्वेक्षणाच्या निमित्ताने समुद्रापासून शिखरांपर्यंत हिंडून जमवलेला प्रचंड संग्रह होता.

“दहा हजार नमुने!” विक्रमवीराने वाचले. “एका वर्षात!”

श्वास अडकले. टाळ्या कडाडल्या. संचालकांनी डोळे पुसले. ते त्यांना हुकमी जमत असे.

मग नोंदणीकार बाई उभी राहिली. “दररोज नऊ नमुने,” तिने वाचले आणि खाली बसली.

कोणीतरी फिसकन हसले, आणि त्या फटीतून साऱ्या सभागृहाचे हसू बाहेर पडले.

“नऊ?” संचालकांनी कानामागे हात धरला. “बाई, नऊ हा काय आकडा आहे? नऊनं कोणाची छाती फुगणार?”

“छाती फुगायला नकोच आहे, साहेब. आपल्याकडे नमुने दाबून ठेवतात.”

शिपाई एवढ्या मोठ्याने हसला, की त्याला खोकल्याचे सोंग आणावे लागले. दुपारच्या चहापर्यंत तिचे नाव नऊबाई झाले होते.

प्रवेशद्वाराशी एक फलक लागला. त्यावर प्रत्येकाच्या संकल्पाची प्रगती रंगीत पट्टीने दाखवण्यात येई, आणि ती मोजण्याचे माप एकच होते, संख्या. कारण गुणवत्तेची पट्टी कापता येत नाही, आणि जे कापता येत नाही ते या संस्थेत नसल्यातच जमा होते. विक्रमवीर आणि त्याचे तीन मदतनीस यांची पट्टी एप्रिलमध्येच चौकटीच्या निम्म्यावर गेली. नऊबाईची पट्टी फलकाच्या तळाशी, कोणीतरी विसरलेल्या गवताच्या काडीसारखी, दिसे.

“वहिनी, तुझा संकल्प काय ठरला?” नणंदेने फोनवर विचारले. “मी पंधरा किलो उतरवणार. मार्चच्या आत!”

“मी रोज नऊ झाडं चिकटवणार.”

“बास? त्यात काय गं मोठंसं?”

“काहीच नाही,” नऊबाई म्हणाली. “म्हणून तर होईल.”

आणि ते होत होते. सकाळी दहा ते पाच, मध्ये डबा. नववा नमुना वजनाखाली गेला की ती भिंग पुसून ठेवी, मग घड्याळात सव्वाचार का वाजले असेनात. सुरुवातीचे काही आठवडे दहाव्याची फार ओढ लागे. समोर गठ्ठा, हातात उत्साह, आणि फलकावरची ती केविलवाणी काडी. ती हात मागे बांधून खिडकीशी उभी राही. मार्चपर्यंत तिच्या लक्षात आले, की आपण रोज सकाळी कामावर येताना खुशीत असतो. रोज तीसच्या काळात ती रोज एकवीसने हरत असे. आता ती रोज जिंकून घरी जात होती, आणि जिंकण्याची सवय बावन्नाव्या वर्षीसुद्धा लागू शकते, हे तिला कोणत्याही भाषणाने सांगितले नव्हते.

जुलैत डोळे आले. डॉक्टरांनी तीन आठवडे बारीक अक्षर वाचायला बंदी केली. गुडघ्याने आधीच पाच दिवस खाल्ले होते, आणि संचालक नवऱ्याच्या अंदाजापेक्षाही जास्त मुरले होते. सप्टेंबरअखेर पाचशे अठ्ठावन्न नमुने उरले आणि दिवस बावन्न. नऊच्या गतीने नव्वद नमुने तळघरात जाणार, हे गणित तिने शांतपणे मांडले आणि त्या दिवशी डबा न खाता परत नेला.

त्याच आठवड्यात विक्रमवीराचा सत्कार झाला. दहा हजार नमुने, तीन महिने आधीच. अहवाल वरच्या कार्यालयात गेला. सत्काराच्या खुर्चीवरूनच संचालकांनी औदार्य दाखवले.

“बाई, तुमचे उरलेले पाचशे यांच्याकडे सोपवा. चार दिवसांत उडवतील. तुमचा संकल्प पूर्ण, खोली रिकामी, सगळे खूश.”

मोह खरा होता. नव्वद झाडे बुरशीच्या तोंडातून वाचत होती, आणि तिला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. ‘हो’ म्हणण्याआधी मात्र ती दक्षिणेकडच्या दालनात गेली. चार दिवसांत पाचशे नमुने कसे होतात, हे शिकण्याची तिची प्रामाणिक इच्छा होती.

विक्रमवीराने तिला आदराने खुर्ची दिली. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त आजवर कोणी ‘थांब’ म्हटले नव्हते. त्याने एक कप्पा उघडून चिठ्ठ्या दाखवल्या. सुबक, छापील, एकसारख्या. तिने पहिली वाचली, दुसरी वाचली, आणि विसावीनंतर ती उठून बाकीचे कप्पे उघडत नुसत्या तारखा पाहत गेली; वेगवेगळ्या अशा सतराच निघाल्या.

“या तारखा तुम्ही कुठून घेतल्या?”

“पेपरवरून. प्रत्येक नमुना ज्या वर्तमानपत्रात दाबलेला असतो ना, त्यावर तारीख छापलेलीच असते. डायऱ्या चाळण्यात नमुन्यामागे अर्धा तास जातो, बाई. मी तो वाचवला.”

“सगळ्या दहा हजारांचा?”

“सगळ्या,” तो अभिमानाने म्हणाला.

“मग तुमच्या भूमापकांनी समुद्रावरची वेल आणि शिखरावरचं गवत एकाच मंगळवारी गोळा केलंय. हे बघा. आणि दहा हजार झाडं मिळून सतरा दिवसांत. त्यांना पंख होते का?”

तो वाकून पाहू लागला.

“झाडं दाबायला कोणी सकाळचा ताजा पेपर विकत घेत नाही हो,” ती हळूच म्हणाली. “रद्दीचा गठ्ठा घेतात. न खपलेल्या प्रतींचा मिळाला तर फारच स्वस्त. तो गठ्ठा वर्षानुवर्षं पुरतो. पेपरवरची तारीख ही पेपरची असते. झाडाची तारीख डायरीत.”

“पण छापील आहे...” तो म्हणाला.

तिने आपले पाचशे नमुने दिले नाहीत. संचालकांच्या खोलीत जाऊन तिने कारणही सांगितले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले. ऐकून घेण्यात ते अत्यंत उदार होते.

“अहवाल वर गेलाय, बाई. त्यात काम पूर्ण झालंय असं म्हटलंय. आता पूर्ण झालेलं काम अपूर्ण कसं असेल?”

“तारखा चुकल्यात, साहेब.”

“संख्या तर बरोबर आहे ना?” ते उठले; म्हणजे तिनेही उठायचे होते. “आणि तुम्ही मदत नाकारलीत, हे मी लक्षात ठेवीन. एकतीस डिसेंबर, पाच वाजता. हमाल सांगून ठेवलेत.”

ऑक्टोबर गेला. ती नऊवरून हलली नाही. नवऱ्याने एकदा विचारले, “नव्वदांचं काय?” ती म्हणाली, “नव्वद वाचवायला बाकीचे बिघडवू?” दुसऱ्या दिवसापासून तो तिचा डबा स्वतः भरू लागला.

नोव्हेंबरच्या मध्यावर, तीनशे चोवीस नमुने आणि सव्वीस दिवस उरलेले असताना, विक्रमवीर उत्तरेकडच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात भूमापकाची पहिली डायरी होती.

“बाई,” तो म्हणाला, “पहिल्या पानावर त्यांनी जन्मवर्ष लिहिलंय. नोकरीला लागल्याची तारीखही.” त्याने ते पान उघडून तिच्यासमोर धरले. “ते पेपर नोकरीच्या नऊ वर्षं आधीचे आहेत. माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे त्यांनी हे दहा हजार नमुने गोळा केले, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते.”

नऊबाईला हसू आले नाही. येणार होते, तिने दाबले. “बसा.”

“मी साहेबांना लेखी दिलं. त्यांनी त्यावर शेरा मारलाय. ‘पाहिले. अहवाल गेला आहे. बदल नको.’” तो बसला नाही. “मला हे काम येत नाही, बाई. मला वेगानं करता येतं, पण काम येत नाही. शिकवाल?”

तिने वही त्याच्याकडे सरकवली. “तुमचे डोळे तरुण आहेत. हे अक्षर मोठ्यानं वाचा. अडलं तर अंदाज करायचा नाही. अडलं म्हणायचं.”

पहिल्या दिवशी तो प्रत्येक ओळीला अडला. आठवडा संपता संपता तो चित्रकलेच्या बाईंच्या अक्षरात असा रुळला, की त्यांचे खोडलेले शब्दही त्याला वाचता येऊ लागले. तो वाची, ती लिही. तो क्रमांक ताडी, ती नाव पक्के करी. नमुन्यामागची चाळीस मिनिटे सत्तावीसवर आली, आणि तिच्या डोळ्यांवरचा भार निम्मा झाल्यामुळे ‘दहावा नाही’ या नियमालाच आधार उरला नाही. तिने दोन दिवस तपासून पाहिले. तेरापर्यंत एकही चूक नव्हती. चौदाव्याला पट्टी तिरकी गेली.

“तेरा,” तिने जाहीर केले.

“पंधरा करू ना, बाई! सहज होतील!”

“विक्रमवीर.”

“बरं. तेरा.”

“‘शिळ्या चंद्राचा,’” एका दुपारी त्याने वाचले आणि थांबला. “हा रंग आहे?”

“त्यांनी लिहिलाय ना? मग आहे. उतरवा.”

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वरच्या कार्यालयाकडून तपासनीस आल्या: बुटक्या, सत्तरीच्या, गळ्यात दोरीला भिंग. एवढ्या अल्पावधीत दहा हजार नमुने झाल्याचा अहवाल वाचून आपण मुद्दाम आलो, असे त्या म्हणाल्या. संचालकांनी ते कौतुक समजून स्वीकारले. सारे कर्मचारी दक्षिणेकडच्या दालनात उभे होते.

तपासनिसांनी अर्धा तास चिठ्ठ्या वाचल्या. “हे भूमापक फारच चपळ दिसतात.”

“अत्यंत समर्पित,” संचालक म्हणाले.

“मंगळवारी समुद्रकिनारी, आणि त्याच मंगळवारी शिखरावर.”

“त्या काळची माणसंच वेगळी होती, मॅडम.”

“असावीत. हे गृहस्थ मी ओळखत होते. या तारखांना ते पाचवीत असतील.”

संचालकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग त्यावर एक उपाय सुचल्याचे दिसले. “ही चूक कनिष्ठ पातळीवर झालेली आहे. मला पूर्णपणे अंधारात ठेवून—”

“चूक माझीच आहे,” विक्रमवीर पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज नीट होता. “सगळ्या तारखा मी पेपरवरून घातल्या. नोंदणीकार बाईंनी साहेबांना सप्टेंबरअखेरच सांगितलं. मी नोव्हेंबरात लेखी दिलं. साहेबांच्या शेऱ्यासकट प्रत माझ्याकडे आहे.”

तपासनिसांनी ती प्रत वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि संचालकांकडे न पाहता म्हणाल्या, “त्या बाई कुठे बसतात?”

उत्तरेकडच्या खोलीत त्यांनी कपाट उघडून मधलाच एक नमुना ओढला. पांढऱ्या कागदावर तपकिरी काटकी, तपकिरी फूल. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग नऊबाईने पुढे केलेली वही घेऊन तो क्रमांक स्वतः शोधला, आणि भिंग डोळ्याला लावले. मग दुसरा नमुना. तिसरा. अकरा झाले. दुपार झाली. प्रत्येक तारीख जुळली, प्रत्येक जागा जुळली.

“‘रागावलेल्या लहान मुलीच्या गालाचा,’” त्यांनी एक रंग मोठ्याने वाचला. मग त्यांनी भिंग त्या वाळक्या फुलावर नेले. “मी हे झाड जिवंत पाहिलेलं नाही. आता कोणीच पाहणार नाही. आणि तरी मला दिसलं.” त्यांनी भिंग खाली सोडले. “रोज किती करता?”

“नऊ. आता दोघं मिळून तेरा.”

“आकडा कमी का, असं कोणी विचारलं नाही?”

“सगळ्यांनीच विचारलं.”

तपासनीस पहिल्यांदा हसल्या. त्यांनी नोंदवहीच्या पानावर शिक्का उठवला. “खोलीचा निर्णय माझ्या हातात नाही, बाई. पण या वहीत चढलेला नमुना आता कोणी तळघरात हलवू शकत नाही. उरलेले किती?”

“एकशे सतरा. आजचा दिवस तुम्ही घेतलात.”

“मग मी निघते,” तपासनीस म्हणाल्या, आणि खरोखरच निघाल्या.

भूमापकाचे दहा हजार नमुने नव्याने नोंदवण्याचा आदेश तिसऱ्या दिवशी आला. अहवाल मागे घेण्यात आला, आणि संचालकांना जानेवारीत वर जाऊन खुलासा द्यायचा होता. त्यांनी प्रवेशद्वाराशी लावलेला फलक स्वतःच्या हातांनी उतरवला. हमालांचा हुकूम मात्र त्यांनी मागे घेतला नाही. अपमानित माणसाजवळ उरलेली ती शेवटची सत्ता होती, आणि ती त्यांनी जपून वापरली.

एकतीस डिसेंबरला, पाचाला पंचवीस मिनिटे असताना, चार हमाल दोरखंड आणि ढकलगाडी घेऊन उत्तरेकडच्या खोलीच्या दारात आले. आत टेबलावर शेवटची वर्तमानपत्राची घडी उघडी होती. दारात शिपाई स्टुलावर बसला होता.

“काय न्यायचंय?” पुढच्या हमालाने विचारले.

“थांबा जरा. बघू काही उरतंय का.”

विक्रमवीराने शेवटची नोंद वाचली. साधे गवत, टेकडीच्या पायथ्याशी, उंची वीतभर. “रंग,” तो म्हणाला, आणि अडखळला, पण अक्षरामुळे नव्हे. “‘हिरवा. यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही.’”

नऊबाईने ते जसेच्या तसे उतरवले. पट्ट्या कापल्या. गवताचे तुरे पांढऱ्या कागदावर मोकळे पसरवले, एकही बी झाकले जाणार नाही असे. हमाल गाडीला टेकून माना उंचावून पाहत होते. तिच्या मागे एव्हाना माळी, मदतनीस, ग्रंथपाल असे निम्मे संग्रहालय श्वास रोखून उभे होते, आणि या वेळी तो कोणाच्या भाषणाने अडकलेला नव्हता. तिने नोंदवही उघडली. क्रमांक लिहिला. रेघ ओढली.

टाळ्या कोणी सुरू केल्या ते कळले नाही. माळ्याने शिट्टी मारली. विक्रमवीर, ज्याचा यंदाचा एकमेव विक्रम रद्द झाला होता, रडत आणि हसत टेबलावर थापा मारत होता. हमाल एकमेकांकडे पाहून रिकामी गाडी मागे वळवू लागले. आणि शिपायाने स्टुलावर उभे राहून, लांबच लांब व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या संचालकांच्या बंद दाराआड नक्की पोहोचेल अशा आवाजात, पुकारा केला:

“एक हजार! आठशे! बहात्तर!”

“हळू!” दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवत नऊबाई ओरडली, आणि तिलाच हसू फुटले. “हळू रे बाबांनो, डिंक ओला आहे अजून!”